मुलाखतीतला अपमान अंगावर का येतो?

नोकरीची मुलाखत देऊन आलेली तरुण मुले-मुली दवाखान्यात येतात ती पोटाची नाहीतर छातीची तक्रार घेऊन. दोन रात्री झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते. तपासून पाहावे तर नाडी, रक्तदाब बहुधा ठीक असतो. शांतपणे विचारले की कळते, मुलाखतीत कुणी अर्ज न वाचताच बाजूला सारला, कुणी इंग्रजी उच्चारांना हसले, कुणी तीन तास बाहेर बसवून दोन मिनिटांत वाटेला लावले. घरी मात्र ‘बरी झाली’ एवढेच सांगितलेले असते.

हा दुबळेपणा नव्हे. चारचौघांत होणारी मानहानी मेंदूला धोक्यासारखीच वाटते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन सुटते. घशाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो, हृदय जोरात चालते. पाठोपाठ त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते व रक्तातील साखरही वाढवते.

जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ साली यासाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसाला नोकरीच्या लुटुपुटीच्या मुलाखतीला उभे करायचे. परीक्षकांनी हसायचे नाही, मानही डोलवायची नाही. पाच मिनिटे बोलून झाले की १०२२ मधून १३-१३ वजा करायला सांगायचे. चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यानेच कॉर्टिसॉल दोन ते चार पटींनी वाढल्याचे आढळले. येथे कुणी अपमान केला नव्हता, नोकरीही पणाला लागली नव्हती. मग घरची आशा पाठीशी घेऊन गेलेल्या उमेदवाराचे काय होत असेल? पुढे २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा आढावा घेतला गेला. कुणीतरी आपल्याला जोखते आहे आणि आपल्या हाती काहीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते व उतरायलाही वेळ लागतो, असे त्यात दिसले.

ही लाट आपोआप ओसरते. पण तोच प्रसंग रात्रभर मनात घोळवत राहिले की शरीर पुन्हा पुन्हा सावध होते आणि झोप उडते. म्हणून त्या दिवशी वेळेवर जेवावे. अर्धा तास भरभर चालावे. चहावर चहा, तंबाखू, दारू टाळावी. श्वास सावकाश सोडावा. विश्वासातल्या एकाला घडले ते सगळे सांगावे. दुसऱ्या दिवशी कागदावर दोन रकाने करावेत. एकात आपल्याला न आलेले प्रश्न लिहावेत. त्यांची तयारी करता येते. दुसऱ्यात निव्वळ उद्धट बोलणे लिहावे. तो समोरच्याच्या वागण्याचा दोष. त्यावरून आपली लायकी ठरवू नये. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

पालकांनी ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ असे म्हणू नये. शेजारच्या मुलाला नोकरी लागल्याचे त्याच ताटावर सांगू नये. आधी ऐकून घ्यावे.

काही लक्षणे मात्र ताणाच्या खात्यावर टाकू नयेत. छातीतील दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दम लागत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. उदासी, निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. ‘जगून काय उपयोग’ असे शब्द तोंडी आले तर ते बोलण्याच्या ओघातले समजू नका. त्या मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.