बाटली बदलली, गट तोच

युरोपीय संघाने २०१८ च्या अखेरीस प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. २०२३ मध्ये पंजाबने बासमतीसाठी दहा कीडनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली, त्या यादीतही ते होते. केळीचा करपा, सोयाबीनचा तांबेरा, गुलाबावरचे काळे ठिपके, सगळ्यांवर हमखास सांगितले जाणारे हे औषध असे नकोसे व्हावे, हे मनाला लागते. ‘हा व्यापारातला अडथळा आहे’ असा आक्षेप घेतला जातो. निर्यातदाराची अडचण खरीच. पण युरोपच्या निर्णयामागे प्रजननावरील घातक परिणामांचे वर्गीकरणही होते, ते नजरेआड करता येत नाही. आणि बंदी आली नसती तरी या औषधाची धार आपल्या वापरानेच बोथट होत होती.

सत्तरच्या दशकातला शोध, नंतरचा प्रसार, हा इतिहास सरधोपट आहे. खरे नुकसान वापराच्या पद्धतीने झाले. प्रोपिकोनॅझोल ज्या गटातले, ते ट्रायअ‍ॅझोल बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. हल्ला एकाच विकरावर असल्याने बुरशी पायरीपायरीने सरावते. मध्य अमेरिकेतल्या केळीबागांत काळ्या सिगाटोका या करप्याने हे नव्वदच्या दशकातच दाखवले होते. तरी आपल्याकडे हेक्झाकोनॅझोलनंतर टेब्युकोनॅझोल, मग प्रोपिकोनॅझोल, असा ‘बदल’ सुचवला गेला. तिन्ही एकाच गटातली. दोन ट्रायअ‍ॅझोलांची तयार मिश्रणेही विकली गेली. नेदरलँड्समध्ये तर फुलांच्या कंदांच्या कुजत्या कचऱ्यात अ‍ॅझोलला न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी सापडली. या बुरशीचा फुप्फुसात संसर्ग झालेल्या रुग्णांवरचे उपचारही त्याच कुळातल्या औषधांवर टेकलेले आहेत.

‘पावसाळ्यात करपा थांबत नाही, शेतकऱ्याने काय करावे?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर बागेतच आहे. पानावर शिरांना समांतर बारीक पिवळट रेषा दिसताच रोगट भाग कापून बागेबाहेर न्यावा, निचरा आणि हवा खेळती ठेवावी, मग मँकोझेबसारखे वेगळ्या गटाचे स्पर्शजन्य औषध आलटूनपालटून वापरावे. सोयाबीनमध्ये कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने तांबेऱ्याला तोंड देणारे वाण दिलेच आहेत. ट्रायअ‍ॅझोल टॉनिक नाही, मोजून वापरायचे हत्यार आहे. म्हणून बाटलीवर कंपनीच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत, मराठीत, औषध कोणत्या गटातले हे सांगणारा क्रमांक छापलाच पाहिजे आणि तो विचारल्याशिवाय शेतकऱ्याने पैसे मोजू नयेत.