श्रीखंडाचा परदेशप्रवास

दिवाळीत चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाच्या लाडवांचे डबे जालन्याहून दुबईला जातात, न्यू जर्सीलाही जातात. वाटेत आठ-पंधरा दिवस गेले तरी त्यांचे काही बिघडत नाही. श्रीखंडाचा डबा मात्र असा कोणी पार्सलने पाठवीत नाही. लाडूही गोड आणि श्रीखंडही गोड. मग एकाला प्रवास सोसतो आणि दुसऱ्याला सोसत नाही, हे कसे?

याचे उत्तर पाण्यात आहे. तळताना व भाजताना फराळाच्या पदार्थांतले बहुतेक पाणी उडून जाते आणि पाण्यावाचून सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. श्रीखंडात पाणी बरेच असते. भारतीय मानकानुसार त्यात घनपदार्थ किमान ५८ टक्के हवेत. म्हणजे १०० ग्रॅम श्रीखंडात ४२ ग्रॅमपर्यंत पाणी असू शकते. या घनपदार्थांत साखर जास्तीत जास्त ७२.५ टक्के चालते. हिशोब केला तर तीही सुमारे ४२ ग्रॅमच भरते. म्हणजे श्रीखंडात जेवढे पाणी, जवळपास तेवढीच साखर!

तीन अडथळे

साखर पाण्याचे रेणू धरून ठेवते, त्यामुळे सूक्ष्मजीवांना मिळणारे पाणी कमी होते. शुद्ध पाण्याची उपलब्धता १ मानली, तर समभाग साखर व पाणी यांच्या द्रावणात ती सुमारे ०.९४ असते. एवढ्याने अनेक जीवाणूंची वाढ मंदावते. पण किण्व (यीस्ट) आणि बुरशी ०.९० च्या खालीही वाढू शकतात. दुसरा अडथळा आम्लाचा. दह्यातील लॅक्टिक आम्लामुळे श्रीखंडाचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो. तिसरा अडथळा थंडीचा.

यांपैकी एकही अडथळा एकटा पुरेसा नाही. तिन्ही मिळून सूक्ष्मजीवांना थोपवतात. जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी अन्न टिकवण्याची ही पद्धत अडथळ्यांच्या शर्यतीची उपमा देऊन मांडली. बासुंदी, रबडी यांच्याशी तुलना केली की तिचा अर्थ स्पष्ट होतो. हे पदार्थ आम्लधर्मी नसल्यासारखेच. त्यांचा पीएच दुधाच्या आसपास, साडेसहाच्या जवळ असतो. एक अडथळा मुळातच नसल्यामुळे थंडीवरचा भार वाढतो. शिवाय लिस्टेरिया नावाचा जीवाणू शीतकपाटाच्या तापमानालाही हळूहळू वाढतो. गर्भवती स्त्रिया, नवजात बालके आणि वृद्ध यांना त्याचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून थंड, तयार मिठाई आयात करणारे देश कागदपत्रांचा आग्रह धरतात, तो निव्वळ अडवणुकीसाठी नसतो.

साखळी कोठे तुटते?

समजा, थंडीत किण्वपेशी दिवसातून एकदा दुप्पट होतात आणि उन्हाळी हवेत दर दोन तासांनी. जालन्याहून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाताना शीतयंत्र बंद पडले आणि डबे १० तास गरम राहिले, तर पेशी पाच वेळा दुप्पट होतील, म्हणजे ३२ पट. पुढे डबे पुन्हा थंड केले तरी त्या ३२ पेशींची एक पेशी होणार नाही. थंडी वाढ मंदावते; झालेली वाढ पुसून टाकत नाही.

आणखी एक गोष्ट घडते. गरम झालेल्या डब्यातील वाफ पुन्हा थंड होताना झाकणाच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपात जमते. थेंब श्रीखंडावर पडला की तेवढ्या जागी साखर पातळ होते आणि बुरशी नेमकी तेथे धरते. किण्वाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झाकण फुगते, ती खूण तर डोळ्यांनाच दिसते.

म्हणून पाठवणाऱ्याने डब्यांबरोबर तापमानाची सलग नोंद ठेवणारे छोटे यंत्र ठेवावे. दुसरा मार्ग गोठवण्याचा. विद्यार्थ्यांनी येथे आपले सूत्र वापरून पाहावे: १,००० ग्रॅम पाण्यात १,००० ग्रॅम साखर म्हणजे २.९ मोल, १.८६ ने गुणले की गोठणबिंदू सुमारे साडेपाच अंशांनी खाली येतो. इतक्या दाट द्रावणात तो प्रत्यक्षात याहूनही खाली असतो. म्हणून उणे १८ अंशांची शीतसाखळी लागते.

प्रवास कोणाचा?

सुरुवात मात्र कारखान्यातूनच व्हायला हवी. मलमलच्या कापडात दही टांगून चक्का करताना हवेतील आणि कापडातील किण्व त्यात शिरतात. बडोद्याच्या सुगम डेअरीने टांगण्याऐवजी दही यंत्रात वेगाने फिरवून पाणी वेगळे करण्याची पद्धत वापरली, ती याच दृष्टीने महत्त्वाची. आपल्याकडे गुरांत लाळ्या-खुरकूत रोग आढळतो, म्हणून दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवल्याचा किंवा तत्सम प्रक्रियेचा पुरावाही बाहेरचे देश मागतात. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानुसार माल पोहोचण्यापूर्वी सूचना द्यावी लागते.

एक निराळा मार्गही आहे. अमूलने २०२४ मध्ये अमेरिकेत ताजे दूध विकायला सुरुवात केली, तेव्हा दूध आणंदहून नेले नाही. मिशिगनच्या दूध उत्पादक संघाशी करार करून तेथलेच दूध घेतले. भारतातून गेले ते ज्ञान आणि नाव. जालन्यातील एखाद्या बचत गटाने श्रीखंड परदेशी विकायचे ठरवले, तर पदार्थ पाठवायचा की कृती, हा प्रश्न त्याने भांडवल गुंतवण्यापूर्वीच सोडवला पाहिजे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. चक्क्याच्या सहा वाट्या घ्या: दोन बिनसाखरेच्या, दोन थोड्या साखरेच्या, दोन समभाग साखरेच्या. प्रत्येक जोडीतील एक वाटी शीतकपाटात व एक बाहेर, दोन्ही झाकून ठेवा. रोज रंग, फुगे व बुरशी यांची नोंद करा. चव मात्र कोणीही घेऊ नये. प्रत्येक वाटीसमोर तिला किती अडथळे होते ते लिहा, म्हणजे कोणती आधी बिघडली आणि का, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.