परिचर्या क्षेत्रातील न्याय्य संस्कृती

न्याय्य संस्कृती ही रुग्णालयात घडणाऱ्या चुका हाताळण्याची एक पद्धत आहे. चुकीचा परिणाम किती गंभीर झाला यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या वर्तनातून घडली, यावरून या पद्धतीत जबाबदारी ठरवली जाते. प्रत्येक चुकीला शिक्षा देणारी आणि कोणालाही जाब न विचारणारी, अशा दोन्ही व्यवस्थांहून ती वेगळी आहे. औषधे देणे, सलाईन लावणे, रुग्णावर सतत लक्ष ठेवणे ही कामे परिचारिका करतात. त्यामुळे इतरत्र झालेली चूकही अनेकदा त्यांच्याच हातून रुग्णापर्यंत पोहोचते. म्हणून परिचर्या क्षेत्रात या संकल्पनेला विशेष महत्त्व आहे.

उगम

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९७ मध्ये संघटनांमधील अपघातांवर लिहिलेल्या ग्रंथात ही संकल्पना मांडली. डेव्हिड मार्क्स यांनी २००१ मध्ये ती आरोग्यसेवेला लागू केली. अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये तिला पाठिंबा दिला.

वर्तनाचे तीन प्रकार

* मानवी चूक : सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्यूलपैकी अनवधानाने चुकीची उचलली जाणे. येथे कर्मचाऱ्याला धीर देऊन औषधांची मांडणी बदलणे अपेक्षित असते.
* जोखमीची सवय : गर्दीच्या पाळीत रुग्णाची ओळख न पडताळता औषध देणे. येथे समज व प्रशिक्षण दिले जाते आणि ही सवय का लागली याचा शोध घेतला जातो.
* बेदरकारपणा : धोका माहीत असूनही त्याकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करणे. येथे शिस्तभंगाची कारवाई योग्य मानली जाते.

निर्णय करताना ‘पर्यायी व्यक्तीची कसोटी’ वापरतात. तेवढीच पात्रता असलेली दुसरी परिचारिका त्याच पाळीत, तितक्याच रुग्णांसह असती, तर तिच्याकडूनही तसेच घडले असते का, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर होकारार्थी असल्यास दोष प्रामुख्याने व्यवस्थेत शोधावा लागतो.

महाराष्ट्रातील घटना

मे २०१७ मध्ये अमरावती येथील डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चार नवजात अर्भकांचा मृत्यू झाला. या प्रकरणात डॉक्टर व परिचारिकेवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही अधिकारी निलंबित झाले, तर कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षातील आगीत अकरा कोविड रुग्णांचा मृत्यू झाला. या प्रकरणी एक डॉक्टर व तीन परिचारिकांना अटक झाली. विजेची यंत्रणा व अग्निसुरक्षा यांची जबाबदारी परिचारिकांवर टाकली जात असल्याचा आक्षेप परिचारिका संघटनांनी घेतला.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयातील (डफरीन) नवजात शिशू कक्षातही आग लागली आणि तेथील अर्भकांना तातडीने अन्यत्र हलवावे लागले. आगीच्या वेळी कक्षात कोण हजर होते, हा प्रश्न अशा घटनांत रास्तच असतो. मात्र वीजजोडणीची तपासणी, धूरशोधक यंत्रे, बाहेर पडण्याचे मार्ग आणि पाळीतील मनुष्यबळ यांची चौकशी झाल्याशिवाय त्याचे उत्तर अपुरे राहते.

कायदेशीर बाजू

जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय निष्काळजीपणा फौजदारी ठरण्यासाठी तो घोर स्वरूपाचा असणे आवश्यक मानले. डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये, असेही न्यायालयाने सांगितले.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी सर्वांना कमाल दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार ही मर्यादा पाच वर्षे आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी मात्र ती दोन वर्षेच आहे. या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याशी जोडलेली असल्याने परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिका तिच्यात बसत नाहीत. परिणामी एकाच उपचारात सहभागी असलेल्या डॉक्टर व परिचारिकेसाठी शिक्षेची कमाल मर्यादा वेगळी ठरते.

अंमलबजावणीतील अडचणी

अमरावती व अकोल्यासह राज्यातील सरकारी रुग्णालयांत कायम आणि कंत्राटी परिचारिका एकत्र काम करतात. कायम कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार दोषारोप, विभागीय चौकशी आणि अपील यांचे संरक्षण असते. कंत्राटी परिचारिकेचा करार संपवणे त्या तुलनेत सोपे असते. त्यामुळे समान घटनेत समान वागणूक हे तत्त्व सुरुवातीलाच डळमळते.

शिक्षेची भीती असेल तर थोडक्यात टळलेल्या चुका परिचारिका कळवत नाहीत आणि पुढील दुर्घटनेची पूर्वसूचना हातची जाते. दुसरीकडे, ‘दोष व्यवस्थेचा’ असे म्हणून कोणीच उत्तरदायी न राहण्याचा धोकाही टीकाकार दाखवतात. न्याय्य संस्कृतीत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका आणि रुग्णालयाचे प्रशासन या सर्वांचे निर्णय एकाच कसोटीवर तपासले जातात. तसेच नेमके काय घडले हे रुग्णाच्या नातेवाइकांना स्पष्टपणे सांगणे हेही रुग्णालयाचे कर्तव्य मानले जाते.