प्रभावतीगुप्ता : सोयरिकीत दिलेली लेक, विदर्भाची राज्यकर्ती

पैनगंगा खोऱ्यातल्या उमरखेडच्या वायव्येला वाशीम, नैऋत्येला नांदेड. वाशीमला 1939 साली सापडलेल्या ताम्रपटात ही दोन्ही ठिकाणे आहेत : वत्सगुल्म म्हणजे वाशीम आणि नांदिकड म्हणजे नांदेड. पैनगंगेच्या या खोऱ्यात चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा अंमल होता. याच घराण्याची थोरली पाती रामटेकजवळच्या नंदिवर्धनात, म्हणजे आजच्या नगरधनमध्ये राज्य करीत होती. त्या थोरल्या घरी पाटलीपुत्राच्या सम्राटाची मुलगी सून म्हणून आली. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

सोयरिकीचे राजकारण

प्रभावतीचे वडील गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, आई नागकुळातली कुबेरनागा. लग्नातून राज्य बळकट करण्याची रीत गुप्तांच्या घरात जुनीच होती. पहिल्या चंद्रगुप्ताने लिच्छवींची कुमारदेवी केली आणि तिचे चित्र गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर उमटले. त्यांचा मुलगा समुद्रगुप्त स्वतःला लिच्छवींचा दौहित्र म्हणवून घेत असे. वाकाटकही याला अपवाद नव्हते. पहिल्या प्रवरसेनाने आपल्या मुलासाठी भारशिव नागांच्या भवनागाची मुलगी आणली होती.

दुसऱ्या चंद्रगुप्ताला माळवा आणि गुजरातेतल्या शक क्षत्रपांशी झुंजायचे होते. त्या मोहिमेच्या दक्षिण अंगाला वाकाटकांचे राज्य होते. ते शत्रू झाले असते तर गुप्तांची बाजू उघडी पडली असती. ताम्रपटांत लग्नाचा हेतू लिहिलेला नाही, पण नकाशा समोर ठेवला की तो लपत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रभावती वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पट्टराणी झाली.

तेरावे वर्ष

रुद्रसेन लवकर वारला. मुलगा दिवाकरसेन अजाण होता. कारभार प्रभावतीने हाती घेतला. पुण्यातल्या एका तांबटाच्या घरी मिळालेले तिचे ताम्रपट का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी प्रसिद्ध केले. ते तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेले आहेत. तिथी आहे कार्तिक शुद्ध द्वादशी, आपल्याकडे तुळशीची लग्ने सुरू होण्याचा दिवस. त्या दिवशी देवाच्या चरणी निवेदन करून राणीने चनालस्वामी या आचार्यांना दंगुण गाव दिले. वा. वि. मिराशी यांच्या मते हे दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट.

या ताम्रपटातल्या सवलतींची यादी सावकाश वाचावी. गावात सैनिकांनी शिरू नये. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी जनावरांचा चारा, बसायला कातडी आणि कोळसा गावाकडून मागू नये. फुले आणि दूध घेऊ नये. गावात पुरलेले धन निघाले तर ते दानाबरोबर गेले असे समजावे. यातून दोन गोष्टी कळतात. एक, इतर गावांकडून हे सारे वसूल होत होते. दुसरी, त्या वसुलीची बारीकसारीक कलमे तिच्या दरबारात चोख नोंदलेली होती. बहुतेक वाकाटक ताम्रपटांत अशा सवलती येतात. त्या परंपरेची दप्तरी चौकट प्रभावतीने मोडू दिली नाही.

ताम्रपटाच्या आरंभी वंशावळ येते ती गुप्तांची. ती आपले गोत्रही वडिलांचे, धारण, सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. एवढ्यावरून विदर्भ तेव्हा गुप्तांचा मांडलिक झाला होता, असे अनेकांनी मांडले. मला ते पटत नाही. ताम्रपटावर गुप्त संवत नाही, वाकाटकांच्या रिवाजाप्रमाणे कारभाराचे वर्ष घातले आहे. मुद्रेवरचे शासन युवराजाच्या आईचे आहे, सम्राटाचे नव्हे. माहेरच्या नावाचा दबदबा तिने वापरला, हिशेब मात्र सासरचाच ठेवला.

तुलनेसाठी कोरियाकडे पाहता येईल. 1274 साली मंगोल सम्राट कुबलाई खानाची मुलगी गोर्यो घराण्याच्या युवराजाला दिली गेली. तोच पुढे राजा चुंगन्योल झाला आणि त्यांचा मुलगा चुंगसन त्याच्यामागून गादीवर आला. तिथे मंगोल दरबार गोर्योच्या राजांना गादीवरून उतरवीत आणि पुन्हा बसवीत असे. नंदिवर्धनात चंद्रगुप्ताने तसे काही केल्याचा एकही पुरावा नाही.

राजमाता

दिवाकरसेनाचे नाव पुढे दिसत नाही. दामोदरसेन आणि दुसरा प्रवरसेन हे तिचे आणखी दोन मुलगे. प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने रामगिरीस्वामींच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकवरून, आणखी एक दान दिले. तो ताम्रपट महानुभावांच्या रिद्धपूरला मिळाला. मुलगा गादीवर पक्का बसल्यावरही तिच्या नावाने शासने निघत होती. प्रवरसेनाचे एकोणतिसाव्या वर्षाचे ताम्रपटही उपलब्ध आहेत. प्राकृतातले 'सेतुबंध' काव्य त्याच्याच नावावर आहे.

रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात भिंतीवरचा गिलावा काढताना एक खंडित शिलालेख उजेडात आला. त्यावरून प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देवालय उभारले, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने 2015 ते 2018 या काळात उत्खनन केले. त्यात एका भक्कम भिंतीच्या माथ्यावर मातीचा लंबगोल ठसा मिळाला. जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब, साधारण साडेसहा ग्रॅम वजनाचा. त्यावर ब्राह्मीत प्रभावतीचे नाव आणि एक शंख. एखाद्या दस्तावर किंवा मालावर उमटवलेला तो ठसा म्हणजे तिच्या रोजच्या कारभाराची खूण आहे.

पुढच्या पिढीत प्रवरसेनाने आपला मुलगा नरेंद्रसेन याचे लग्न कुंतलच्या राजकन्येशी, अज्झितभट्टारिकेशी लावले. सोयरिकींचा तोच डाव चालू राहिला, पण अज्झितभट्टारिकेने स्वतः दिलेले एकही शासन आजवर मिळालेले नाही. लग्नाने राणीला गादीजवळ जागा मिळते. त्या जागेवरून राज्य चालवण्याचे काम प्रभावतीने स्वतः केले, मुले वाढवत केले आणि आपल्या नावानिशी केले. म्हणून तिला 'चंद्रगुप्ताची मुलगी' म्हणून एका ओळीत उरकणे अन्यायाचे आहे. रामटेक, नगरधन, रिद्धपूर आणि हिंगणघाट आपल्याच मुलखात आहेत. विदर्भाच्या शाळांत इतिहास शिकवताना तिचे ताम्रपट मुलांसमोर ठेवावेत आणि पहिल्या राज्यकर्तीचा पाठ तिथूनच सुरू करावा.