घरचे दप्तर कसे राखावे?



शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी कुठे आहे, हे शेंबडे पोरही सांगू शकते. पण त्याच घरात जाऊन "जमिनीचे खरेदीखत जरा दाखवा" असे म्हटले, की मोठी धांदल उडते. कोणी फळीवरचा पत्र्याचा डबा काढतो, कोणी गादीखाली हात घालतो, कोणी देवघरातल्या पोथ्या चाळू लागतो. तासाभराने कागद सापडलाच, तर त्याची घडी तुटलेली असते आणि एका कोपऱ्याला कसर लागलेली असते. आज मी आपणाशी याच विषयावर थोडे बोलणार आहे. घरचे आणि धंद्याचे महत्त्वाचे कागद लावावेत कसे आणि राखावेत कसे?

दुसऱ्या कोणाचे कशाला, आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या अण्णांनी विहिरीवरच्या मोटरीसाठी कर्ज काढले होते. 1998 साली त्यांनी ते पै न् पै फेडले आणि कर्ज फिटल्याचा दाखलाही आणला. 2014 साली अण्णा वारले. पुढे आम्ही भावंडे वाटणी करायला बसलो आणि सातबारा काढला, तो 'इतर हक्क' या रकान्यात त्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा! कर्ज फिटले होते, पण दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा उतरवून घ्यायचे राहून गेले होते. कर्ज देणाऱ्यांकडे गेलो, तर त्यांची जुनी वहीच सापडेना. चार महिने हेलपाटे घातले. भावाभावांत थोडी कुरबूरही झाली. शेवटी एके दिवशी आई म्हणाली, "अरं, तो कागद व्हय? जुन्या पंचांगात हाय की! अण्णांनी माझ्यासमोरच ठेवला हुता." आम्ही म्हटले, "मग आई, इतके दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई." काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत झाली होती.

या गोष्टीत आमच्या तीन चुका झाल्या. कागद मिळाला, पण त्याचे पुढचे काम केले नाही. ठेवला, पण ठरलेल्या जागी ठेवला नाही. आणि कुठे ठेवला, हे ज्या माणसाला ठाऊक होते त्याला विचारले नाही. कागदपत्रांचा बहुतेक घोटाळा या तिहींतूनच होतो.

मराठी माणसाला दप्तराची गोष्ट नवी नाही. पेशव्यांच्या कारभाराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते, म्हणून ते टिकले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे 45 खंड 1930 नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केले, ते त्यामुळेच. समर्थ रामदासांनी तर दासबोधात अक्षर, कागद, शाई आणि लेखणी यांची निगा सांगण्यासाठी एक अख्खा समास लिहिला आहे. राज्याचे दप्तर ज्या भूमीत असे राखले गेले, तेथे घरचे दप्तर राखणे काही अवघड नाही.

पहिले काम निवडीचे. घरातले सगळे कागद एकदा घोंगडीवर ओता आणि त्यांचे दोन ढीग करा. एक ढीग पुन्हा सहज मिळणाऱ्या कागदांचा, दुसरा पुन्हा मिळायला कठीण अशा कागदांचा. सातबारा आणि आठ-अ हे उतारे पहिल्या ढिगात जातील. ते सरकारी नोंदींचे उतारे आहेत, हवे तेव्हा ताजे मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा तर आता घरबसल्या काढता येतो. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जुन्या सनदा, मोडीतले कागद, कर्ज फिटल्याचे दाखले हे दुसऱ्या ढिगात. खरी जपणूक याच ढिगाची.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सातबारा म्हणजेच मालकी, असे पुष्कळांना वाटते. सातबारा हा गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 मिळून झालेला महसुली उतारा आहे. कायदा त्यातली नोंद खरी धरून चालतो, पण उलट पुरावा आला तर ती बदलू शकते. जमीन आपल्याकडे कशी आली, हे सांगणारा कागद वेगळा असतो. खरेदीने आली असेल तर नोंदलेले खरेदीखत, वारसाने आली असेल तर वारसाचा फेरफार. म्हणून सातबाऱ्याच्या शेजारी त्यावरील फेरफार क्रमांकांचे उतारेही ठेवावेत. जमिनीत हक्क मिळाला, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे 1966 चा जमीन महसूल कायदा सांगतो. पुष्कळ घरांत आजोबांचे नाव नातवाच्या काळापर्यंत तसेच राहते आणि मग एका सहीसाठी मुंबई-सुरतेची माणसे गोळा करावी लागतात.

निवड झाली, की पाच पिशव्या करा. पिशवी जाड कापडाची किंवा साध्या फाइलीची चालेल. पहिली जमीन आणि घर यांची. दुसरी माणसांची, म्हणजे जन्म, मृत्यू, विवाह यांचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका. तिसरी पैशाची, तीत पासबुके, ठेवपावत्या, विमा, कर्ज. चौथी शेतीची आणि पाचवी धंद्याची. प्रत्येक पिशवीत वर एक यादी ठेवा आणि पाचही पिशव्यांची मिळून एक वही करा. कागद काढला की वहीत तारीख आणि नेणाऱ्याचे नाव लिहायचे, परत आला की खूण करायची. मूळ कागद शक्यतो कोणाला देऊच नये. छायाप्रत द्यावी आणि मूळ फक्त दाखवावा. द्यावाच लागला, तर पोच घ्यावी. "उद्या आणून देतो" म्हणून गेलेला कागद परत येतोच असे नाही.

शेतीच्या पिशवीबद्दल थोडे अधिक सांगतो. बियाणे घेतले की पक्के बिल घ्या आणि पीक हाती येईपर्यंत ते बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला हाच आधार असतो. अडत्याची पट्टी आणि कारखान्याची वजनपावतीही टाकू नका. यांतल्या काही पावत्या गुळगुळीत कागदावर उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांची अक्षरे काही महिन्यांत उडतात आणि हाती कोरा कागद राहतो. अशा पावतीची त्याच आठवड्यात छायाप्रत काढून घ्यावी.

दुकानदारांनी दोन मुदती ध्यानात ठेवाव्यात. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असेल, तर हिशेबाच्या वह्या आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने राखावी लागतात. आणि उधारी साधारणतः तीन वर्षांत वसूल करावी किंवा दावा लावावा. मुदत सरण्याआधी ऋणकोने येणे मान्य करून लेखी सही दिली, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. तोंडी "देतो की शेठ" याने मुदत वाढत नाही. घरखर्चाचे आणि दुकानाचे कागद मात्र एकत्र करू नयेत.

आता कागदाचे शत्रू पाहू. पाणी, वाळवी, कसर, उंदीर, आग आणि आपले स्वतःचे हात! पत्र्याची पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये. ती फळीवर, चुलीपासून लांब, छपराच्या गळक्या कोपऱ्यापासून दूर असावी. पेटीत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी चाल आहे. ती चांगली, पण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या साफसफाईला, कागद बाहेर काढून सावलीत वारा देणे त्याहून चांगले. लोखंडी टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढा. चिकटपट्टी लावू नका. वर्षभराने तिचा पिवळा डाग अक्षरांवर उतरतो. आणि मूळ दस्तऐवज प्लॅस्टिकमध्ये कायमचा डकवून लॅमिनेशन करू नका. शिक्का, मुद्रांक आणि सही तपासायची वेळ आली, तर ते प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

2019 सालच्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडकडे पूर आला, तेव्हा भांड्यांबरोबर कागदही भिजले. नदीकाठच्या घरांनी पाचही पिशव्या पावसाळाभर घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका जागी ठेवाव्यात, म्हणजे निघताना एकच ओझे उचलायचे. भिजलेले कागद उन्हात टाकू नका, इस्त्री करू नका आणि चिकटलेली पाने ओढू नका. टिपकागद किंवा जुने सुती कापड घालून पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुकवा. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून हे काम आधी.

एवढे करूनही कागद गेला, तर धीर सोडू नका. नोंदलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते. मात्र दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि कार्यालय सांगता आले पाहिजे. हे तीन आकडे आपल्या वहीत आजच लिहून ठेवा. मोबाइलवर काढलेले फोटो आठवणीला उपयोगी पडतात, पण ते मूळ कागदाची जागा घेत नाहीत. 2015 सालापासून सरकारची डिजीलॉकर ही सोय आहे. त्या पेटीत सरकारी खात्याने स्वतः पाठवलेला दाखला मुळाच्या बरोबरीचा मानतात. आपण फोटो काढून चढवलेल्याला ते मोल नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. जातपडताळणीच्या वेळी मुलामुलींकडे जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा. तो बहुधा मिळतो आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गावच्या कोतवाल बुकात. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना घरोघर मागणी आली. आपल्या शाळेच्या कपाटातले ते जीर्ण रजिस्टर म्हणजे कित्येक मुलांच्या प्रवेशाची किल्ली आहे. त्याला रुमाल बांधा, उंदरांपासून वाचवा. आणि मुलाचे नाव, जन्मतारीख दाखल करताना जन्मदाखला पाहूनच लिहा. नावातल्या एका वेलांटीसाठी पुढे प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. मी महाविद्यालयात दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत खिडकीबाहेर असे पालक उभे राहिलेले पाहतो. मुलाचे गुण पुरेसे असतात. अडते ते एका कागदापाशी.

शेवटची गोष्ट माणसांची. बँकेच्या खात्याला वारसनामाची नोंद करून ठेवा. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. नाव दिलेला माणूस पैसे स्वीकारतो, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही, हेही घरात समजावून सांगा. मृत्युपत्र करायचे असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आणि ती वही कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असू द्या. त्यांतली एक घरची बाई असावी. कुलूप घरधन्याच्या हाती असते, पण कोणत्या डब्यात काय आहे हे तिला ठाऊक असते. आमच्या घरी आता ती वही आईच्या पेटीत असते. तिला अक्षरओळख थोडी आहे, म्हणून पाच पिशव्यांना पाच रंगांच्या नाड्या बांधल्या आहेत. परवा विम्याची पावती हवी होती, तर मी कपाट उघडायच्या आतच ती म्हणाली, "हिरवी नाडी सोड."

येत्या अमावस्येला, शेतीची कामे बंद असतील तेव्हा, आपणही एक दुपार काढा आणि घरचे दप्तर घोंगडीवर मांडा.