माफी मिळेल, अटी लागू!

बंगळूरच्या चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानांवर 'सेल' मोठ्या अक्षरांत असतो आणि 'अटी लागू' बारीक अक्षरांत. राजेलोकांची माफीही याच चालीची!

सोनेरी कोंबडा: चीनमध्ये सार्वत्रिक माफीला 'दाशे' म्हणतात. तांग राजवटीत ती जाहीर करताना सुमारे वीस मीटर उंच खांबावर सोनेरी डोक्याचा कोंबडा उभा करत, चोचीत तांबडी पताका. खाली ढोलाचे हजार ठोके पडत आणि दरबारी, म्हातारेकोतारे, कैदी सगळे गोळा होत.

यांना वगळून: चीनमध्ये राजद्रोह, आईबापांचा खून अशी 'दहा महापातकं' सहसा माफीत बसत नसत.

सुट्टीवर सोडलेले: तांग सम्राट तायझोंगने ३९० फाशीच्या कैद्यांना घरी जाऊन यायला सोडलं. पुढच्या शरद ऋतूत सगळे आपणहून हजर! खूश होऊन सम्राटाने सगळ्यांना जीवदान दिलं.

कौटिल्याचं कॅलेंडर: बाल, वृद्ध, आजारी आणि अनाथ कैद्यांना राजाच्या जन्मनक्षत्राला आणि पौर्णिमेला सोडावं, असं त्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ सांगतो. शिवाय नवा मुलूख जिंकला, युवराजाचा अभिषेक झाला किंवा राजपुत्र जन्मला, तरी सुटका. या ग्रंथाची पोथी संस्कृत पंडित शामशास्त्रींना म्हैसूरला सापडली आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद १९१५ साली बंगळूरच्या सरकारी छापखान्यात छापला गेला.

बंगळूरचे जहागीरदार: १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. १६४८ मध्ये आदिलशाहीने त्यांना जिंजीजवळ कैद केलं, १६४९ मध्ये सोडलं. बदल्यात शिवरायांना कोंढाणा द्यावा लागला.

मुदत संपेपर्यंतच: १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने १८५७ च्या बंडवाल्यांना माफी दिली. मात्र इंग्रजांच्या खुनात सामील असलेल्यांना ती नव्हती. बाकीच्यांनी १ जानेवारी १८५९ च्या आत शस्त्रं ठेवून घरी परतायचं होतं.

सम्राटालाच माफी: चीनचा शेवटचा सम्राट पूयी १९५९ च्या विशेष माफीत तुरुंगातून सुटला. मग त्याला बीजिंगच्या वनस्पती उद्यानात माळीकाम मिळालं.

हेल्मेटवाल्यांची दाशे: कर्नाटक सरकारने २०२३ आणि २०२५ मध्ये वाहतुकीच्या थकीत दंडावर ५० टक्के सूट दिली. २०२५ मधली एक मुदत होती २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर. कोंबडा नाही, ढोल नाही. उरलेला निम्मा दंड भरला की सुटका झाली!