दुखणं थांबवणारी गोळी पोटावर आणि किडनीवर का येते?

सोयाबीनची काढणी असो की ऊसतोड, अंग मोडून आलं की मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या, गिळायच्या आणि पुन्हा कामाला लागायचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही नावं आता गावात अनेकांना पाठ आहेत. पण ही गोळी अंगात नेमकं काय करते, हे माहीत असलेलं बरं.

ठणका कशानं लागतो?

जखम झाली, काटा रुतला किंवा सांधा सुजला की तिथल्या पेशी आपल्याच आवरणातल्या चरबीपासून एक रसायन बनवतात. त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. शेजारच्या पेशींना दिलेला हा निरोपच समजा. निरोप पोचला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, ठणकते. ताप चढतो त्यातही याचाच हात असतो.

पशुपालकांना यातलं एक रसायन ओळखीचं असेल. गाय माजावर आणायला जनावरांचे डॉक्टर जी इंजेक्शनं देतात, त्यातलं एक प्रोस्टाग्लँडिनचंच असतं. गाभण गाईला ते चुकून दिलं तर ती गाभडू शकते.

गोळी काय करते?

अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, पण ती काम कशी करते हे कळायला १९७१ साल उजाडलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. निरोपच गेला नाही तर ठणका कुठून लागणार? या रसायनांवरच्या कामासाठी वेन आणि स्वीडनचे स्यून बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन या तिघांना १९८२ चं नोबेल मिळालं.

खरी गोम पुढंच आहे. हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या चिकट थराला जपतं, म्हणून पोटातलं आम्ल पोटालाच जाळत नाही. किडनीला रक्त नीट मिळावं, यातही त्याची मदत असते. गोळीला गुडघा कुठला आणि पोट कुठलं हे कळत नाही. ती सगळीकडचे निरोप थांबवते. म्हणून पोटात जळजळ, अल्सर, कधी आतून रक्तस्राव होतो. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला या निरोपाची जास्त गरज असते. नेमकी तेव्हाच आपण गोळी घेतो.

इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं, हाही गैरसमज आहे. औषध रक्तातून सगळीकडे पोचतंच.

एवढं लक्षात ठेवा

- उपाशीपोटी गोळी नको. पाणी भरपूर प्या. पण जेवून घेतली म्हणजे धोका संपला असं नाही.
- वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत औषध एकच असू शकतं. पाकिटामागचं नाव वाचा, कळत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा.
- बीपी, शुगर, किडनीचा त्रास, जुना अल्सर असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्या टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल देतात, पण तीही जास्त झाली तर लिव्हरवर येते.
- हृदयरोग्याला डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. ती आपल्या मनानं बंद करू नका.
- शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आलं किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखाना गाठा.

दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं नाही तर गोळी वाढवू नका. कशामुळं दुखतंय ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.